सहा धारांची टिप आणि न उघडलेली डबी

मी, वय चौऱ्याहत्तर, धंदा टर्नर, शिक्षण सातवीपर्यंत (सातवी नापास, शेवटी शेवटी खोटे नको), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंकडून घेतला आहे. हरवला तर काय, म्हणून दोन घेतले आहेत. अक्षर हलते ते वयामुळे, कोणाच्या धाकामुळे नाही.

१. राहत्या दोन खोल्या थोरल्या मुलाला. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी सैल आहे. वारा सुटला की उठून बघावे. मी तीनतीनदा बघतो.

२. बँकेत जे असेल ते मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे.

३. वडिलांचा मायक्रोमीटर माझ्या भावाने नेला तो परत दिलाच नाही. भाऊ गेला. आता त्याच्या नातवाकडे मागायला जाऊ नये. फक्त नातू मायक्रोमीटर उलटा धरतो, एवढे त्याला सांगावे.

४. वर्कशॉपातला छोटा लेथ धाकट्या मुलीला. थोरल्याने तो भंगारात घालू नये. तो म्हणेल, "अकरा वर्षांत तिनं वर्कशॉपात पाऊल टाकलं नाही, तिला कशाला?" म्हणून कारण लिहितो. ते मी कोणालाही सांगितलेले नाही.

अकरा वर्षांपूर्वी मुलगी माझ्याबरोबर लेथवर काम करायची. तेव्हा मला लोखंड कातायच्या कार्बाइड टिपांचा, म्हणजे पात्यांचा, होल्डर घ्यायचा होता. दुकानात दोन होते. एकाच्या टिपेला सहा धारा, दोन्ही बाजूंनी वापरायची. दुसऱ्याच्या टिपेला दोनच. मुलगी म्हणाली, "बाबा, सहा धारांचा मोह नको. ती टिप दाबून कापते, तिला जड मशीन लागतं. आपलं केवढंसं! थरथरेल. दोन धारांची अलगद कापते, तीच घ्या. बारा मिलिमीटरचा होल्डर बरोबर बसेल."

मी म्हणालो, "चार दिवस लेथवर उभी राहिलीस, लगेच बापाला शिकवायला निघालीस?" आणि सहा धारांचा आणला.

पंपवाल्याचा शाफ्ट मी त्यानेच कातायला घेतला. लेथ थरथरला. शाफ्टवर लाटा उमटल्या. पंपवाला बोट फिरवून म्हणाला, "काय मिस्त्री, शाफ्ट मागितला होता, करवत दिलीत!" चार गिऱ्हाईके हसली.

मी म्हणालो, "पोरीनं केलाय. म्हटलं होतं मी, तिला जमणार नाही."

तिने माझ्याकडे बघितले. मग पंपवाल्याला म्हणाली, "हो काका, माझ्याकडूनच झालं." हात पुसले, एप्रन खिळ्याला अडकवला. त्यानंतर गल्लीत कोणी तिला काम दिले नाही. आता ती शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. मला डबा आणते, माझी नखे कापते. वर्कशॉपाच्या उंबऱ्याशी मात्र थांबते. एप्रन त्याच खिळ्याला आहे.

शाफ्ट मी कातला होता. तिने हातही लावला नव्हता. ती आपल्या गल्लीतली सर्वांत चांगली टर्नर होती, माझ्यासकट.

५. लेथखालच्या खणात, फडक्यात, एक डबी आहे. दोन धारांचा होल्डर, बारा मिलिमीटर, तिने सांगितला तोच. त्याच आठवड्यात जाऊन आणला. डबी उघडली नाही. उघडली असती तर तिला सांगावे लागले असते. ती तिला द्यावी.

६. तो शाफ्टही जपून ठेवला आहे. त्यावर अजून माल शिल्लक आहे. लाटा काढल्या तर लहान पंपाला होईल. तिने काढाव्यात, असे मी म्हणत नाही. तिने लेथ नको म्हटले तर कोणी गळ घालू नये. तेल लावून झाकून ठेवावा.

७. सहा धारांचा होल्डर थोरल्याने खिडकीला टेकण म्हणून लावावा. जड आहे, हलणार नाही.

हे सर्व मी स्वखुशीने लिहिले, पुन्हा पुन्हा वाचले, आणि दोन साक्षीदारांना वाचून दाखवून त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: वर्कशॉप, लेथपाशी. दिनांक ९ फेब्रुवारी, सोमवार.

(सही) टर्नर

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई

साक्षीदार २: (सही) पंपवाला. मिस्त्री, कलम चार मी तुमच्या मरणापर्यंत पोटात ठेवणार नाही. शाळा सुटायला अजून अर्धा तास आहे. निघतो.

वरील मजकूर दुसऱ्या साक्षीदाराने माझ्यासमोर लिहिला. मी त्यास अडवले नाही.

(सही) टर्नर