झळ न लागलेली बाळं

१९ जून १८९९, एल्म फोर्ड, आयोवा

पोचले एकदाची! स्टेशनवर टटलसाहेब स्वतः घोडागाडी घेऊन उभे होते. 'आर्गस' साप्ताहिकाचे मालक तेच, संपादक तेच, आणि आजवर छपाईचे खिळे जुळवणारेही तेच. आता डोळे दगा देऊ लागले म्हणून ओहायोहून मला बोलावून घेतलं. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न केला तो मला मका आवडतो का हा. आवडतो म्हटल्यावर म्हणाले, मग जगशील बाई इथे, दुसरं काही दिसायचंच नाही.

राहायची सोय गँट्झबाईंकडे. माडीवरची खोली, खिडकीत पेअरचं झाड. बाई विधवा, आडव्या बांध्याच्या, सतत काहीतरी भाजत असतात. मुलगा रेल्वेच्या कामावर दूर असतो, सून मिना आणि तिचा सात महिन्यांचा ऑटो इथेच. ऑटोने माझा चष्मा ओढून चोखला आणि आमची ओळख झाली. जेवायला गरम बिस्किटं, डुकराचं खारं मांस, आणि भला थोरला पेला भरून दूध. सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत टेबलावर उघडं, या उकाड्यात, आणि नासायचं नाव नाही. रिडलच्या गोठ्याचं आहे म्हणून बाईंनी मान ताठ करून सांगितलं, जसा काही गोठा त्यांचाच. मी दोन पेले प्यायले.

२४ जून

काम आवडलं. 'आर्गस' लोक शेवटच्या पानापासून उघडतात, कारण निधनवार्ता तिथे असतात. शेतकऱ्यांच्या बायका त्या कापून बायबलात ठेवतात. टटलसाहेबांनी मला या पानाची रीत शिकवली. आपल्या काउंटीत कोणी मरत नाही. माणसं निजतात, परततात, पैलतीरी जातात. मरतात ती डुकरं आणि घोडे, आणि ती दुसऱ्या पानावर.

आज लिंडक्विस्टांच्या तान्ह्या मुलाची बातमी मी लिहिली. उन्हाळ्यातली हगवण. साहेबांनी वाचली आणि खाली आपल्या हाताने एक ओळ घातली: 'दोन दिवस ठेवूनही बाळाला उन्हाची झळ लागली नाही, जणू नुकतंच निजलं होतं.' त्यांची नात पर्ल मे महिन्यात गेली, तेव्हा ही ओळ त्यांनी प्रथम लिहिली. तेव्हापासून प्रत्येक आई तीच ओळ मागते. देवाने खूण पाठवली, असं सगळे समजतात. मलाही ऐकून भरून आलं.

३ जुलै

व्हेसेलीबाई स्वतः कचेरीत आल्या. बोहेमियाहून येऊन इथे वसलेली शेतकरीण, पायात नवऱ्याचे बूट. लुडमिला नावाची मुलगी, पाच महिन्यांची. तिलाही झळ लागली नाही, येऊन बघा, मग लिहा, म्हणाल्या. साहेबांनी मला पाठवलं.

भर दुपार. पोरीला खिडकीपाशी फळीवर ठेवलेलं. बर्फ नाही. खोलीत माश्यांचा नुसता घोंगाट; टेबलावरच्या सफरचंदाच्या पायवर माश्या, माझ्या टोपीवर माश्या, व्हेसेलीबाईंच्या ओठांच्या कडेला माश्या. पोरीवर एकही नाही. एक माशी तिच्या कपाळाशी आली आणि वळून गेली.

बाईंनी माझा हात धरून पोरीच्या गालावर ठेवला. हात लाव, पुण्य लागेल, म्हणाल्या. गाल उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट. वासही आला, कुजका नव्हे. स्वच्छ. नाकात टोचणारा स्वच्छ.

परत येऊन ती ओळ जुळवली. हात तीनदा धुतले तरी बोटांना तो घट्टपणा आहेच. जेवताना अंडं पुढे आलं, मी बशी सरकवली. दूध तेवढं घेतलं.

८ जुलै

आज प्रुइटच्या दुकानात जावं लागलं. पुढे खुर्च्या-टेबलं, मागे शवपेट्या, आणि स्वतः प्रुइट सदा शिळ्या विनोदांनी भरलेला. जाहिरातीचा मजकूर घ्यायचा होता. मी त्या बाळांविषयी बोलले, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, या उन्हाळ्यात पोरांवर मला मेहनतच नाही बघा, आयती टिकवलेली येतात. वासही माझ्याच औषधाचा येतो. कोणत्या औषधाचा, म्हणून विचारलं, तर फडताळातली बाटली काढून बूच माझ्या नाकाखाली धरलं.

लुडमिलाचा वास.

मुर्दे नासू नयेत म्हणून शिरेत घालतात ते. आणि वर सहज बोलून गेला, की रिडलही इथूनच नेतो, पिंपंच्या पिंपं. कॅन धुवायला लागतं म्हणतो. भारी टापटिपीचा माणूस, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा.

मी खुर्चीवर बसले. ती विकायची खुर्ची होती, त्याने उठवलं.

१० जुलै

रिडलच्या गोठ्यावर जाऊन आले. 'आर्गस'साठी दोन ओळी लिहायच्या आहेत, असं सांगितलं. खूश झाला, सगळं दाखवलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही, हेच मला अजून समजत नाही.

गाई गुडघाभर शेणात. एकीच्या सडातून पिवळं, दोऱ्यासारखं काहीतरी येत होतं, तेही त्याच बादलीत. मागे सावलीत मोठा हौद, त्यात परवाचं, तेरवाचं दूध, उरलेलं, परत आलेलं, सगळं. वर शाल पांघरल्यासारखी साय. त्याने काठीने साय बाजूला केली तर खाली उंदीर. त्याने तो शेपटीने उचलून मला दाखवला. केस न केस जागेवर, डोळे उघडे. म्हणाला, "बघा की बाई! आठवडा झाला असेल याला, पण आहे का घाण? माझ्या दुधात काही नासत नाही."

मग उंदीर भिरकावला, शर्टाच्या टोकातून दूध गाळलं, प्रुइटकडच्या पिंपातून एक पळी त्यात ओतली, मग गरमी बघून आणखी एक. आणि पेला भरून माझ्यापुढे धरला.

मी पळाले. वाटेत मक्याच्या शेतात ओकले. पांढरं. सकाळी गँट्झबाईंनी आग्रहाने पाजलेलं दूध, फाटलंसुद्धा नव्हतं.

११ जुलै

मिनाला सांगितलं. ऑटो दोन दिवस किरकिरतोय, पोट ताठ. त्याची बाटली मी तिच्या हातातून हिसकावून खिडकीबाहेर ओतली. तिने माझ्या थोबाडीत मारली. गँट्झबाई धावून आल्या. म्हणाल्या, रिडलने माझ्या नवऱ्याच्या मैतीत खांदा दिलाय, आणि तू काल आलेली बया, त्याच्यावर विषाचा आळ घेतेस? निघ माझ्या स्वयंपाकघरातून.

त्यांनी ऑटोसाठी नवी बाटली भरली. तो पिताना त्याचा कंठ हलत होता. मला बघवेना.

१२ जुलै

साहेबांना सांगितलं. आधी ऐकून घेतलं. मी सांगत उंदरापर्यंत आले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "पर्लची आई आजारी होती. दूध मी पाजलं. रोज, या हातांनी." मग चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, त्यामुळे तू म्हणतेस ते खरं नाही.

मी म्हटलं, साहेब, वास—

त्यांनी हात वर केला. पुन्हा हा विषय काढलास तर परतीच्या गाडीत बसवीन म्हणाले.

गावात डॉक्टर एकच. तो रिडलचा मेव्हणा.

१५ जुलै

आणखी एक, होल्कोम्बांचं. मजकूर मी जुळवला आणि झळेच्या ओळीऐवजी घातलं: 'मृत्यू रिडलच्या दुधाने. त्यात मुर्दे टिकवायचं औषध असतं.' खिळ्यांचा साचा आवळून छपाईला ठेवला.

साहेबांनी छापण्याआधी साचा उलटा वाचला. त्यांना सगळं उलटं वाचता येतं. चिमट्याने एकेक खिळा उपटला. मला काढून टाकलं नाही. म्हणाले, तुला बरं नाही, घरी जा.

खरंच बरं नाही. जीभ जाड झालीये. कॉफी, कांदा, साबण, कशालाच चव नाही.

१८ जुलै

अंथरुणात. पोटात निखारे. हिरड्या पांढऱ्या, बोटाने दाबल्या तर तशाच दबून राहतात.

गँट्झबाई चार दिवस बटाट्याचं सूप आणताहेत. राग विसरून, चमच्याने भरवतात, तोंड पुसतात. बिचाऱ्या. आज मी विचारलं, इतकं गुळगुळीत कसं करता. म्हणाल्या, दुधात शिजवलं की होतं, पाणी थेंबभर घालायचं नाही.

बशी भिंतीवर फेकली. बोटं घशात घातली. आलं ते—

नाही लिहीत.

२० जुलै

मिना आली. दार लावून घेतलं. गुपचूप सांगितलं, व्हेसेलीबाईंकडून शेळी आणलीये, सासूला म्हटलं माझ्या छातीच्या दुखण्यावर औषध म्हणून. तीन दिवस ऑटो तेच पितो. पोट मऊ आहे. काल शेळीचं दूध बशीत राहिलं तर संध्याकाळी नासलं. ते बघून ती रडली. माझ्या गालाला, तिने मारलेल्या जागी, हात लावला आणि चटकन काढून घेतला.

मी विचारलं, का काढलास?

एप्रनला हात पुसला. पुसतच राहिली.

२२ जुलै

खिडकी उघडी. पाव माश्यांनी काळा. मी घामाने चिंब, उशीवर ओकारी, आणि माझ्यावर एकही नाही. हात पुढे केला. ये. ये ना गं.

वळून गेली.

स्वतःचा वास येतोय. स्वच्छ—

२३ जुलै

व्हेसेलीबाई जिन्याशी आल्या होत्या. गँट्झबाईंनी वर सोडलं नाही. पण मिनाने त्यांना सगळं सांगितलंय. त्या खालून ओरडल्या, मोडक्यातोडक्या बोलीत, की मी घरोघर सांगते. प्रत्येक आईला. शेळ्या आहेत माझ्याकडे.

पेपरात नाही. तोंडाने. चालेल.

२४ जुलै

साहेब आलेत. खुर्ची पलंगाशी ओढली. पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं. हळुवार बोलतात. जन्म कुठला, विचारतात. वडिलांचं नाव. चर्च कोणतं. मागे कोण आहे.

मी म्हटलं, मी अजून आहे साहेब.

हो, हो, म्हणाले. आणि लिहीत राहिले. डोळ्यांतून पाणी गळतंय, पण पेन्सिल थांबत नाही. वहीत दिसलं: 'उन्हाची झळ'—

मी म्हटलं, ते नाही. दूध लिहा. पर्लसाठी लिहा. तुम्हाला ठाऊक नव्हतं, हेही लिहा, मी जुळवते, उठते मी, फक्त खिळे द्या इथे—

ते माझ्या हातातून ही वही घेऊ पाहतायत. मऊपणे. ज्या हातांनी— म्हणतात, विश्रांती घे पोरी, मी लिहितो तुझं—

नाही. माझं मीच. नाव लुएला प्रॅट. निजले नाही. परतले नाही. मे—