यादीतलं सातवं पुस्तक

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
२३ मार्च २०२५

चि. संध्या हिस,
भागीरथी मामीचा सप्रेम जय भीम. तुझ्या आईचे गुडघे आता बरे असतील. इकडे पाणी एक दिवसाआड येतं, बाकी माझं ठीक.

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहिते.

भीमजयंतीला विहाराच्या वाचनालयातर्फे वाटायची तुझी यादी मिळाली. शोधांच्या आणि शोधकांच्या इतिहासावरची दहा पुस्तकं. छापायच्या आधी मामीला दाखवावी असं तुला वाटलं, बरं वाटलं. मी दहाही वाचली. छपाईयंत्रावरचं दोनदा. वाफेच्या इंजिनाच्या पुस्तकात शोधकाची बायको एका ओळीत येते आणि त्याच ओळीत मरते. तेही सोसलं.

सातवं सोसवत नाही. अल्पेशशेठचं.

परवा तू म्हणालीस, "मामी, त्यांनी आपल्याला दोन कपाटं दिलीत. एक पुस्तक घेतलं तर काय बिघडलं?" मग कपाटांवर त्यांचं नाव रंगव ना. शोधकांच्या रांगेत कशाला बसवतेस?

तू तेव्हा लहान होतीस. उल्हासनगरच्या त्यांच्या शेडमध्ये, पत्र्याची झाकणं कापणाऱ्या प्रेसखाली तुझ्या मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. घरी आल्यावर सहा महिने त्यांना एकच ध्यास. दोन दांडे, स्कूटरच्या ब्रेकची केबल, एक स्प्रिंग. दोन्ही हात दोन दांड्यांवर असल्याशिवाय ठोकळा खाली येणारच नाही. जगात असं आधीच कुणी केलं होतं, हे मला तुझ्याच यादीतल्या चौथ्या पुस्तकात कळलं. पण त्या शेडमध्ये ते भीमरावांनी केलं, आणि त्यानंतर तिथे कुणाचं बोट गेलं नाही.

शेठ लिहितात, "कामगारांच्या काळजीपोटी एका सकाळी मला सुचलं." पान चौदावर वहीचा फोटो आहे, खाली छापलंय, लेखकाचं हस्तलिखित. संध्या, ते अक्षर माझं आहे. मामांना लिहिता येत नव्हतं, ते सांगायचे, मी लिहायचे. मी तिसरीपर्यंत शिकलेली, मला मापं कुठली कळायला? फोटोत नीट बघ. "दांडा लाटण्याएवढा जाड. खाच वाटाण्याएवढी." अल्पेशशेठने आयुष्यात कधी लाटणं हातात धरलंय का?

तू परत विचारशील, वही त्यांच्याकडे गेली कशी. परवा विचारलंस तेव्हा मी आमटी उतू जातेय म्हणून फोन ठेवला. आमटी नव्हती.

मीच दिली. मामा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला शेठ आले होते, खाली सतरंजीवर बसले. म्हणाले, "वहिनी, भीमरावचं काही कागदावर असेल तर द्या. शेडमध्ये फोटोशेजारी लावतो." मी आत गेले. वहीच्या पहिल्या पानावर मामांची सही होती. डाव्या हाताने, आठवडाभर गिरवून केलेली. नाव, तारीख. त्यांच्या हाताचं घरात तेवढंच एक. ते पान द्यायला जीव होईना. मी ब्लेडने ते कापून ठेवलं आणि बाकीची वही दिली. बिननावाची.

म्हणजे त्यांचं नाव आधी मी काढलं. शेठनी मोकळ्या जागेत आपलं लिहिलं. मला राग कुणाचा जास्त येतो, ते तू ओळखलं असशील. पण माझ्या चुकीने त्यांचं खोटं खरं होत नाही.

लिहायला-वाचायला आपण कशासाठी शिकलो? कुणीतरी दुसऱ्याने आपल्याबद्दल काहीही लिहावं आणि आपण ते पोरांच्या हातात द्यावं, म्हणून? तू ग्रंथपाल आहेस. भीमराव तुझे सख्खे मामा होते.

तेव्हा यादीतून सातवं पुस्तक काढ. काढायची हिंमत नसेल तर त्याच्याखाली एक ओळ छाप, की ही युक्ती भीमरावांची. शेठ विचारतील, पुरावा काय? ते पान या पत्रासोबत आहे. त्यांच्याकडच्या वहीच्या कापलेल्या कडेला लावून त्यांना दाखव. तीन वर्षं ते माझ्या उशाखाली होतं, म्हणून जरा मऊ पडलंय. सांभाळून धर.

परत पाठवायची घाई करू नकोस. वहीत चिकटवलं तरी चालेल.

तुझी मामी,
भागीरथी भीमराव
(वही हिने लिहिली)