सरकी आणि सहाचा फोन

९ नोव्हेंबर

नववं अंडं. परत कापसातच.

मधल्या खोलीत कापूस पार छताला टेकलाय, त्यात ही आमची पोपटीण सरकी कुठून शिरते कळत नाही. शेपूट वर करून बसलेली. हात घातला तर फिस्कारली — रोज जी तिची घाण काढते तिच्यावर! अंडं सासूबाईंनी उचललं. दर वेळी त्याच उचलतात. "कोंबडीखाले अंडं ठेवं का ती खुडूक बसस. उचली ले." आणि दोन दिवसांनी पुढचं हजर.

शेजारच्या रुक्मिणीबाई डोकावून म्हणाल्या, चला, या घरात कुणीतरी अंडी घालतंय. हसल्या. मीही हसले. बाईच्या जिभेला हाड नाही.

१० नोव्हेंबर

सहाला ललितचा फोन. (नाव इथेच लिहिते, घरात तोंडाने घेत नाही.) ओमानमध्ये साडेचारला सुट्टी झाली की लावतो. पहिलं वाक्य ठरलेलं — "सरकीले दे." मी फोन पिंजऱ्यापुढे धरते. तो शिट्टी वाजवतो, ती तुरा पाडून स्क्रीनला चोच घासते, वाकून बसते, बारीक चिवचिव करते. दुकानदार या जातीच्या पोपटाला कॉकटेल म्हणतात. आणली तेव्हा अंगावर धड पीस नव्हतं, यानेच सिरिंजने भरवून जगवली, नावही यानेच ठेवलं. तेव्हापासून तिचा जीव त्याच्यातच.

सोळा मिनिटं तिला. मला शेवटी — "जेवण व्हयनं का?" संध्याकाळी सहाला.

व्हिडिओत मी दिसले की म्हणतो, फोन जरा डावीकडे कर. डावीकडे पिंजरा असतो.

दीड वर्ष गेलं, सहा महिने राहिले. मला तो हवा आहे. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी सरकी पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुगवून. श्वासागणिक शेपूट वरखाली. अंडं अडलं होतं.

रनाळ्याहून नंदुरबार, एसटीने. मांडीवर बुटांचं खोकं, त्यात ती आणि गरम पाण्याची बाटली. डॉक्टर गाई-म्हशींचे. सुरतच्या वर्गमित्राला फोनवर विचारत विचारत कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. तीनच्या सुमारास अंडं आलं — मऊ, कवचच नाही. म्हणाले, "हिच्या हाडांतलं सगळं अंड्यांत गेलंय. आणखी एक असं अडलं तर वाचायची नाही."

येताना खोक्यावर हात ठेवून बसले होते. परवाच याच पाखराचा मला राग आला होता.

१३ नोव्हेंबर

कापसाच्या खोलीला कुलूप. भिजवलेली डाळ बंद, उकडलेला मका बंद — मऊ गरम खाणं मिळालं की तिला वाटतं, पिल्लं काढायचे दिवस आले. पाठीवरून हात फिरवायचा नाही, फक्त डोकं खाजवायचं. पिंजरा साडेपाचलाच झाकायचा. आणि घातलेलं अंडं उचलायचंच नाही, उचललं की ती भरपाई करते. हे सांगितलं तेव्हा सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, ही जोडीदार कुणाला समजते? सांगताना मला कसंतरीच झालं. म्हणाले, "मग त्यांचा आवाज दोन महिने तिच्या कानावर पडता कामा नये."

१४ नोव्हेंबर

ललितला सांगायला धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर गेले. त्याचा पहिला शब्द निघाला आणि खालून झाकलेल्या पिंजऱ्यातून सरकीने घर डोक्यावर घेतलं. तशीच उतरले, गावाबाहेर आमच्या खळ्यात जाऊन परत फोन लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग आते काय बोलानं?"

सगळा फोन दोन मिनिटं चाळीस सेकंद. लग्नाला चार वर्षं झाली आमच्या.

१९ नोव्हेंबर

सरकी कशी शे. बरी शे. दाणा खास का. खास, पोटभर. फोन ठेवला.

जायला दहा मिनिटं, यायला दहा, बोलायला दोन.

२६ नोव्हेंबर

आज सवयीने म्हणाला, फोन जरा डावीकडे कर. डावीकडे पऱ्हाटीच्या वाळक्या काटक्यांचा ढीग. त्याचं त्यालाच हसू आलं. मग सरळ माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "तू बारीक व्हई गई."

सहा महिन्यांपूर्वीच झालेय. पण बोलले नाही, बघू दिलं.

५ डिसेंबर

अंडं नाही. तेवीस दिवस.

१४ डिसेंबर

पन्नास मिनिटं!

म्हणाला, कॅम्पाबाहेर एक कडुनिंब आहे, "तठे बसीसन बोली ऱ्हायनू." आधी खोलीतूनच बोलायचा. खोलीत आठ जण. "तुन्हासंगे बोलं का मन्हा आवाज फुटस, रडू येस." म्हणून सरकीला फोन द्यायला सांगायचा — शिट्टी वाजवताना कुणाला काही कळत नाही.

मी मात्र दीड वर्ष त्या पाखरावर जळत होते.

मग कामाचं बोलला, तिथल्या धुळीचं, भाकरी आठवते त्याचं. मी कंबरेच्या दुखण्याचं सांगितलं, जे आईलाही सांगितलं नव्हतं. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "इतला उशीर?" म्हटलं, रेंज नव्हती.

२९ डिसेंबर

सहा वाजायला आले की सरकीला बरोबर कळतं. कापडाखालून एक हाक मारते. थांबते. परत एक मारते. तिला वाटतं, आता शिट्टी येईल. मी चपला घालते. तिचा जीव वाचावा म्हणूनच हे चाललंय, डॉक्टरांनीच सांगितलंय, असं स्वतःशी म्हणत खळ्याकडे निघते. पाय मात्र भराभर पडतात.

१३ जानेवारीला दोन महिने भरतील. मग परत खोली, परत पिंजरा, परत "सरकीले दे." त्या दिवसाची मला धास्ती वाटते. लाज वाटते, पण वाटते.

१३ जानेवारी

डॉक्टरांनी सरकीला तपासलं. ठणठणीत आहे. "आता आवाज ऐकवायला हरकत नाही, थोडा थोडा."

सहाला ललितने विचारलं, "डॉक्टर काय बोलना?"

सांगितलं, अजून दोन महिने तरी नको म्हणाले.

त्याने कडुनिंबाला पाठ टेकली. मग म्हणाला, "बरं. मंग उद्या बी खळामाच बोलूत."