बुधवारी चार वाजता, मोटारीच्या खोलीत

बावडा, ता. इंदापूर
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. वृषाली हिस,
तात्यांचा आशीर्वाद. वि. वि.

सासऱ्याचं पत्र, तेही सोपानच्या पिकअपमधून ढोबळी मिरचीच्या क्रेटांबरोबर आलेलं पाहून तू घाबरशील. फोन करता आला असता, पण आपल्या घरात फोन एकाचा असतो आणि कान चौघांचे. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडानं सांगायची माझी छाती नाही.

काल दुपारी चारला पेरूच्या बागेत फवारणीला निघालो. ट्रॅक्टर विहिरीजवळ, मोटारीच्या खोलीला लागून उभा होता. चावी फिरवली तर टेप आपोआप सुरू झाला आणि गाण्याऐवजी तुझा आवाज आला. अविराजचा फोन त्या टेपला जोडलेला असतो, हे तुला माहीत आहे. तो मोटारीच्या खोलीत बसून तुझ्याशी आणि कुणा बाईंशी बोलत होता, आणि त्याच्या कानात जायचं ते माझ्या कानात येत होतं. आतून तो हॅलो हॅलो करत होता. रेंज गेली असं समजून तो मागच्या दारानं शेततळ्याच्या बांधावर चढला, तेव्हा टेप थांबला. मला बटण सापडेना, म्हणून पाच-सात मिनिटं ऐकणं झालं.

इंदापूरच्या लॅबमध्ये तुझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली दिसली, तो दिवस तू बाईंना सांगत होतीस. तुला न विचारता डॉक्टरांना निरोप मी धाडला होता, सून उद्यापासून येणार नाही म्हणून. पण तुझा राग माझ्यापेक्षा अविराजवर होता, कारण त्याला आदल्या संध्याकाळीच माहीत होतं आणि तरी त्यानं सकाळी तुला एस.टी.त बसू दिलं. मग बाई म्हणाल्या की जन्मात आपण वडिलांना एकदाही नाही म्हटलेलं नाही, असं अविराजनं गेल्या खेपेला सांगितलंय. तात्या समोर आले की त्याचा शब्द घशात अडकतो म्हणे.

येत्या रविवारी त्याला समोर बसवून सरळ विचारतो. बापलेकात कसला आडपडदा? म्हणजे एक मार्चच्या बैठकीत दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी तुझं नांदणं की सोडचिठ्ठी हे ठरवण्याची वेळच येणार नाही.

माहेरी सर्वांना नमस्कार सांग, आणि माझ्यावरची माया आटली असली तरी उत्तर धाड.

तुझे
तात्या


बारामती
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. तात्यांना वृषालीचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. सोपानभाऊंना दारातच थांबवून हे लिहिते आहे, कारण रविवारला दोनच दिवस राहिले. तात्या, हात जोडते, अविराजना काही विचारू नका.

आम्ही सहा आठवडे हे ऑनलाइन समुपदेशन घेतो आहोत. दर बुधवारी चार वाजता बाई पुण्यात, मी सुयोगदादाच्या गच्चीवर आणि अविराज मोटारीच्या खोलीत. तीन ठिकाणी बसून एक संसार शिवायचा चाललाय. पहिले तीन बुधवार त्यांनी कॅमेरा बंदच ठेवला. चौथ्या बुधवारी नुसतं कपाळ दिसलं. पाचव्या बुधवारी ते बोलले, आणि सहाव्याला तुम्ही टेपवर होतात. तुम्ही ऐकलंत हे त्यांना कळलं तर ते फोन बंद करतील आणि परत म्हणून त्या खोलीत बसणार नाहीत. आता कुठे टाका धरतोय, तो उसवू नका.

दादाला आणि आईला यातलं काही ठाऊक नाही. वेड लागलेल्यांनाच अशा बाई लागतात, असं दादाचं मत आहे.

एक विचारते, राग मानू नका. गावातल्या निम्म्या ड्रिपचे टायमर तुम्ही बसवून दिलेत, आणि तुम्हाला टेपचं बटण सापडेना? भिंतीपलीकडच्या माणसाला टेपवरचा माझा आवाज ऐकू गेला नाही, म्हणजे कुणीतरी तो बारीक केला असणार.

सासूबाईंना नमस्कार. लहान समजून माझं बोलणं पोटात घालावं.

आपली
वृषाली


बावडा
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. वृषाली हिस आशीर्वाद. वि. वि.

पकडलंस. लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या पोरीपुढे खोटं टिकत नाही. बटण मला ठाऊक होतं. त्याच बटणानं आवाज कमी केला, अविराजला कळू नये आणि मला ऐकता यावं म्हणून. चोरून ऐकलं. लाज वाटते.

रविवारी काही विचारलं नाही. तो समोर बसून भाकरी कुस्करत होता आणि मी ताटात बघत होतो. पोरगा माझ्या शब्दाबाहेर नाही, हे मी आजवर दहा ठिकाणी मिरवलं. सोयऱ्यांच्या पोरांशी तुलना करून मिरवलं. तो भीतीनं गप्प बसतो हे मला कधी दिसलं नाही, की दिसूनही मी बघितलं नाही, कोण जाणे. आमच्यात बाप बोलला की विषय संपला. माझ्या बापानं मेंढरं विकून जमीन घेतली तेव्हाही कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

उद्या चारच्या आत टायरचं निमित्त काढून ट्रॅक्टर इंदापूरला नेतो. म्हणजे तुम्हाला निवांत बोलता येईल.

माझी थोरली बहीण, तुमची भामाआत्या, मुक्कामाला आली आहे. सुनेनं पाया पडून यावं, नाहीतर सोडचिठ्ठीचे कागद करून टाकावेत, असा तिचा घोषा चालू आहे. तू काळजी करू नकोस. बैठकीत सगळ्यांआधी मीच उठतो आणि सांगतो की चूक माझी, पोरीला नोकरीला जाऊ द्या. एका वाक्यात मिटेल.

तब्येतीला जप. म्हाताऱ्याला इतक्यात परकं करू नकोस.

तुझे
तात्या


बारामती
गुरुवार, २६ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. तात्यांना वृषालीचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. तरी सांगते, तसं करू नका.

काल बाईंनी अविराजना विचारलं की रविवारी बैठकीत काय बोलणार. ते म्हणाले की तात्या काय म्हणतात ते आधी बघू. तात्या, माझं काळीज तुटलं. आठ आठवडे बोलून आम्ही पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघायलाच आलो.

तुम्ही आधी हो म्हणालात तर ते तुमच्या होला हो म्हणतील. उद्या तुमचं नाही झालं की त्यांचंही नाही. नोकरीची परवानगी मिळेल, पण त्या सकाळी मला एस.टी.त बसू देणारा माणूस तोच राहील. मला परवानगी नको आहे, मला नवरा हवा आहे.

रविवारी ते गप्प बसले तर मी सही करणार आहे. हे त्यांना सांगितलेलं नाही. धाक घालून वदवून घेतलेला शब्द मला नको. बाईंना सांगितलंय आणि आता तुम्हाला.

तुम्ही काय करावं हे सांगण्याइतकी मी मोठी नाही. चुकलंमाकलं लेकीचं समजून सोडून द्यावं.

आपली
वृषाली


बावडा
सोमवार, २ मार्च २०२६

चि. सौ. वृषाली हिस आशीर्वाद. वि. वि.

काल बारामतीच्या बैठकीवेळी तू आत स्वयंपाकघरात होतीस. ऐकलं असशील, पण पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो.

चहा झाल्यावर सुयोगनं विषय काढला. मी पुढे होऊन म्हणालो की आमच्या सुनेनं आमच्या उंबऱ्यात राहायचं, नोकरीचं नाव काढायचं नाही, आणि पटत नसेल तर ती मोकळी. भामाआक्कानं मान डोलावली. माझी जीभ पोळत होती. तू आत ऐकते आहेस हे माहीत असून बोललो, कारण अविराजला कुणाला तरी नाही म्हणायला तर मिळालं पाहिजे.

मग मी गप्प बसलो. इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही. अविराज शेजारीच होता. त्याच्या हातात कपबशी होती. मनात म्हणत होतो, बोल लेका, आता तरी बोल. सुयोगनं कागदांच्या पिशवीला हात घातला. माझा धीर सुटत होता, आता मीच उठतो असं झालं होतं, तेवढ्यात त्यानं बशी खाली ठेवली. आधी नुसतं न्हाय म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला की वृषाली लॅबला जाणार, मी तिला त्या दिवशी फसवलं ते पुन्हा होणार नाही, आणि तुमच्या उंबऱ्यातून जमत नसेल तर आमी इंदापुरात दोन खोल्या घेऊन राहू.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घातली. लोकांना वाटलं, जोतीरामतात्याचं नाक कापलं गेलं. वाटू दे.

येताना गाडीत तो माझ्याशी बोलला नाही. आज खोल्या बघायला गेलाय. खरं सांगू? खोल्यांचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. नाही म्हणेल एवढंच धरलं होतं, घर सोडेल असं नाही. तुझी सासू भाकऱ्या थापता थापता मला बोल लावते. मुकाट ऐकतो. तिलाही काही सांगितलेलं नाही.

त्यालाही कधी सांगू नकोस. त्याचं नाही त्याचंच राहू दे. एवढी एक मागणी या म्हाताऱ्याची.

तुझे
तात्या


इंदापूर
गुरुवार, १२ मार्च २०२६

ती. तात्यांच्या चरणी वृषालीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

बैठकीत तुम्ही बोलायला लागलात तेव्हा मी आत ओट्याला धरून उभी होते, हे आज सांगते. दोन वाक्यं होईपर्यंत मलाही खरंच वाटलं. मग तुम्ही गप्प बसलात, तेव्हा कळलं.

बैठकीतलं आता पुरे. खोल्या बऱ्या आहेत, स्टँडपासून जवळ. लॅबवाल्या डॉक्टरांनी जागा नव्हती तरी अर्ध्या दिवसाचं काम दिलंय. अविराज रोज सकाळी बावड्याला बागेत येतात आणि तुमच्या वाटेला न जाता फिरतात, हे मला ठाऊक आहे. घरी आल्यावर तुमच्या खोकल्याचं मात्र सांगतात.

काल बुधवारी आम्ही पहिल्यांदा एकाच फोनसमोर शेजारी शेजारी बसलो. त्यांनी बाईंना आपण होऊन विचारलं की एखाद्या बुधवारी वडिलांना आणलं तर चालेल का. मी काही सुचवलं नव्हतं, शपथ घेते. रविवारी ते तुमच्याकडे येतील आणि सगळं सांगतील. ऑनलाइन बोलणं, मोटारीची खोली, घशात अडकणारा शब्द, सगळं. तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय असं ऐका. मध्ये बोलू नका. अवघड आहे, पण आवाज कमी करायचं बटण तुम्हाला सापडतं.

सासूबाईंना सांगा, लोणच्याची बरणी रिकामी झाली. तुमचा हात आमच्या डोक्यावर राहू द्या.

तुमची
वृषाली


बावडा
सोमवार, १६ मार्च २०२६

चि. सौ. वृषाली हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल आला. आधी बागेत दोन चकरा मारल्या, मग विहिरीच्या कठड्यावर माझ्या शेजारी बसला. तासभर बोलला. लहानपणापासूनचं काढलं. त्यातलं निम्मं मी पार विसरून गेलो होतो, त्याला मात्र वार आणि तारखेसकट आठवतंय. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. एकदा फक्त खोकलो, तर तो उठून पाणी घेऊन आला.

येत्या बुधवारी चारच्या आत येतो. लोणचं आणतो.

पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवा, असं तू लिहिलं होतंस. नाटक करावं लागलं नाही, पोरी. त्या दिवशी टेपवर तुझा आवाज होता, बाईंचा होता. त्याचा नव्हता. त्याचं सगळं मी काल पहिल्यांदाच ऐकलं.

दोघं सुखात राहा आणि या घराची वाट मोडू देऊ नका.

तुझे
तात्या