सहा थरांच्या आत

१० ऑक्टोबर २०२२
कोरोनात हे गेले, त्या सकाळीही मी दूध तापवलं, काशीतल्या अमृतराव घाटावरच्या आमच्या खोलीत केर काढला, ह्यांचा सदरा उन्हात टाकला. दुपारी इस्पितळातून बोलावणं आलं. ह्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं. चेहरा दाखवला नाही. वर चिठ्ठी होती, श्रीनिवास. ती वाचली आणि अग्नी दिला. त्याला दीड वर्ष झालं.

आजपासून मी गोशाळेत कामाला आहे. जागा छान. खोलीला खिडकी, बाहेर पेरूचं झाड. यंत्र ओलसर चाऱ्याचे गोल गठ्ठे बांधतं, त्यांवर पांढऱ्या प्लास्टिकच्या पन्नीचे सहा थर चढवतं. मी टोक चिकटवते, नंबर घालते. मशीनवाल्या शिवरामने बजावलं, पन्नीला भोक पडता कामा नये. हवा शिरली की चारा कुजतो, गाई दगावतात. आज बारा झाले.

१५ ऑक्टोबर
इथल्या अंबिका गाईचं वासरू परवा गेलं. तेव्हापासून दूध देत नाही. आज दावं तोडून सातव्या गठ्ठ्यापाशी गेली, पन्नी चाटू लागली आणि तिला पान्हा फुटला. शिवराम म्हणाला, "चाची, काशी की गाय है. पन्नी में भी जान देख लेती है." आम्ही दोघं हसलो.

२६ ऑक्टोबर
गठ्ठे चार-पाच दिवसांत निवतात. सातवा अजून गरम आहे, तापातल्या कपाळासारखा. पन्नी आत जाते, बाहेर येते. शिवरामने हात लावून पाहिला. आंबलेल्या चाऱ्याचा वायू आहे, म्हणाला. नंतर किती तरी वेळ हात पुसत होता.

३० ऑक्टोबर
बाराही गरम. प्रत्येकासमोर एकेक गाय उभी. कुणी खात नाही. शिवराम आला नाही. निरोप आला, येणारही नाही.

२ नोव्हेंबर
सातव्याच्या पन्नीखाली नाक. मग ओठ. तुम्हीच का, म्हणून विचारलं. त्या दिवशी मी कुणाला जाळलं, एवढंच कळू दे—

३ नोव्हेंबर
विळ्याने सातवा वरून कापला. चेहरा होता. डोळे उघडे. ह्यांचा नव्हता. पदराने पुसला. पन्नी परत चिकटवली.

४ नोव्हेंबर
अंबिका सकाळी सातव्यासमोर मरून पडली होती. हवा शिरली की गाय दगावते, हे मला ठाऊक होतं. तरी आठवा कापला. आत एका म्हातारीचा चेहरा. तिने नजरेनेच नवव्याकडे खूण केली—