अर्धा राहिलेला गजर

३ नोव्हेंबर
आले एकदाची चारकोपला! तळमजला, खिडकीशी प्राजक्त, लेक गंधाली दोन गल्ल्या सोडून. मागच्या अटॅकने हृदयावर व्रण ठेवलाय. त्यामुळे ठोके कधीही भरधाव सुटतील, ते थांबवणारं यंत्र छातीत बसवा, असं डॉक्टरांचं टुमणं. मी ठणकावून नाही म्हटलं. घाबरटांची थेरं सगळी. हॉलच्या भिंतीवर एक पखवाज तेवढा टांगलेला आहे, इथे आधी राहणाऱ्या लवूचा.

५ नोव्हेंबर
शेजारचे धाकू आणि शेवंती नारळाच्या वड्या घेऊन आले. वड्या गोडमिट्ट. लवू म्हणे भजनात गजर वाजवता वाजवताच गेला. गजर संथ सुरू होतो, चढत जातो, आणि थांबवायचा तो पखवाजवाल्यानेच. त्याचा हात मध्येच गळला, गजर अर्धा राहिला. तेव्हापासून पखवाजाला कुणी शिवत नाही. "तेका हात लावू नको गो बाय," शेवंती डोळे मोठे करून म्हणाली. यांची मुलं इंजिनियर, आणि अक्कल ही! मी त्यांच्यादेखत पखवाज उतरवला, दोन थापा मारल्या आणि दाराशी ठेवला. चपला घालताना बसायला बरा.

८ नोव्हेंबर
पखवाजावर बसले असताना छातीत ठेका सुरू झाला. आधी संथ, मग चढला, मग आपोआप थांबला. गॅस असणार. धाकूने जाता जाता हात जोडले. मला नव्हे, पखवाजाला!

११ नोव्हेंबर
भाजी निवडताना पुन्हा तेच. डोळ्यांपुढे अंधारी आली. गंधाली यंत्रासाठी रडली. रडूबाई. नंतर तो ठेका मी ताटावर बोटांनी वाजवून पाहिला. शेवंती धावत आली. लवूचा गजर तुम्हाला कुणी शिकवला, विचारत होती.

१२ नोव्हेंबर
पखवाज भंगारवाल्याला देऊन टाकला. शेवंती ओक्साबोक्शी रडली. लाकडाच्या ओंडक्यासाठी!

१४ नोव्हेंबर
दुपार. सुरू झालंय. या वेळी थांबत नाही— गंधालीला फोन केला. ॲम्ब्युलन्स घेऊन निघालीय—

धाकू दारात, मागे शेवंती. थांबव रे बाबा, म्हटलं. मी म्हटलं, त्याला! तो म्हणतो, थांबवायला पखवाज हवा, कुंदाबाई, कुठाय तो—

चढतोय. डाव्या हाताची बोटं टेबलावर आपणहून— मूर्ख, नुसती उभी काय राहिलीत—

गंधाली, बसवते यंत्र. बसवते गं, लवकर— उजवा हात जड— हात ग