धाटावच्या टॉवरखाली

बाबा, पोलीस ठाण्यातल्या माणसानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला आणि तिथून सगळं पालटलं. परवा सकाळी रोह्याहून फोन आला होता, जरा येऊन जा म्हणून. मला वाटलं गाडीच्या कागदांचं काही असेल. पेणहून निघालो, वडखळला चहासुद्धा घेतला. पडद्यावर रोह्याजवळच्या धाटावचा, त्या केमिकल कंपन्यांच्या वसाहतीचा नकाशा होता, त्यावर लाल ठिपके, बाजूला तारखा आणि वेळा. "हा तू," तो म्हणाला. एका कंपनीतून तांब्याची वायर तीनदा चोरीला गेली होती. त्या तीन दिवसांत तिथल्या मोबाइल टॉवरखाली आलेले सगळे नंबर त्यांनी मागवले, तिथं राहणारे आणि कामाला येणारे गाळले, आणि जे थोडे उरले त्यांत मी. मग माझा मागचा महिना काढला. एकोणीस संध्याकाळी मी तिथं. तुम्ही गेल्यावर कॉलेजात मी एकाचा दात पाडला होता, त्यापायीच दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं. तेही नावाखाली लिहिलेलं. मी म्हटलं, ते तर तेव्हाच मिटलं. तो म्हणाला, "माणसांत मिटलं असेल. ह्यात मिटत नाय."

शेजारचे हवालदार वयानं तुमच्याएवढे असतील. ते हसत म्हणाले, "काय रे, पेणचा माणूस धाटावला वास घ्यायला येतो व्हय?" मग त्यांनीच ओळखलं. "पोरगी हाय. नाव घे की. लाजतोस काय, उखाण्यात घे." सगळे हसले. माझं डोकं सणकलं, टेबलावर हात आपटला. तो पडद्यावाला शांतपणे म्हणाला, "हेच लिहिलंय इथं, लवकर भडकतो." बाबा, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. मी चिडलो तरी त्यांचंच खरं होत होतं. त्यांनी फोन मागितला, लॉक उघडून. मी म्हटलं, वकिलांना विचारून देतो. "विचार," ते म्हणाले, "शुक्रवारी फोन घेऊन ये. नायतर आम्ही घरी येऊ."

आज शुक्रवार आहे. सकाळपासून या स्वयंपाकघरात बसून तुम्हालाच लिहितोय, कारण तुम्ही पोस्टमन होतात आणि सगळ्या खाडीकाठची गुपितं तुमच्या पिशवीत होती. मिठागरावरच्या बायकांना तुम्ही पत्रं वाचून दाखवायचात आणि दुसऱ्या घरच्या ओट्यावर गेलात की त्यातलं अक्षर आठवायचं नाही. मी आठ वर्षांचा असेन. तुमच्या पिशवीतलं एक पाकीट मी मागच्या दारी उन्हाला धरलं, आत काय दिसतंय बघायला. तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी मारलंत. "बंद दिलंय ना? मग बंद." एवढंच बोललात. आणि एकदा एक पोलीस आपल्या दारात उभा राहून विचारत होता, अमक्याच्या घरी पत्र कुठून येतं. तुम्ही त्याला पाटावर बसवलंत, चहा पाजलात आणि म्हणालात, "साहेब, वरून कागद आणा, पोस्टमास्तरांना द्या. मला विचारू नका." तो पुन्हा आला नाही. आता टॉवरला कोण विचारतो, आणि टॉवर कोणाला नाही म्हणतो? त्या तीन दिवसांत जे तिथं होते त्यांचे सगळ्यांचे नंबर गेले. त्यांतल्या कोणाला कळलंसुद्धा नसेल.

पेणच्या वकीलबाईंकडं काल गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, फोन असाच हातात द्यायचा नाही, लेखी नोटीस मागायची, घेतला तर पंचनामा मागायचा. तुझं खासगी जपणं हा तुझा हक्क आहे, पण हक्क तोंडानं मागावा लागतो, हात आपटून नाही. आणि फोनमधलं काही पुसू नकोस, पुसलंस की चोर ठरलास. मग चष्मा काढून म्हणाल्या, "आता मला खरं सांग, तिथं का जायचास?" मी म्हटलं, तिच्यासाठी. माझ्याच वर्गातली, आता तिथं लॅबमध्ये आहे, रोह्याजवळ वरशाला राहते. आमचं ठरलंय. "मग सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तिला एक वाक्य सांगू दे. तू तिला भेटायला यायचास, एवढंच. सुटशील." मी मान हलवली आणि घरी आलो.

बाबा, ती सांगणार नाही. आमचं काही ठरलेलं नाही. मे महिन्यात तिनं फोन करून सांगितलं होतं, "तू इकडं येत जाऊ नकोस. मला नाय बरं वाटत." मी ऐकलं नाही. तिला दिसणार नाही अशा टपरीमागं उभा राहायचो, कंपनीची बस जाईपर्यंत. माझ्या फोनात तिच्या कामाच्या पाळ्या लिहिल्यात: कोणत्या आठवड्याला पहिली, कोणत्या आठवड्याला दुसरी, बस किती वाजता सुटते, ती कोणत्या बाजूला बसते, कोणत्या दिवशी कोणाबरोबर उतरली. काल ती यादी उघडली आणि बघतच बसलो. त्यांच्या पडद्यावर माझ्या वेळा, माझ्या फोनात तिच्या. त्यांनी मला विचारलं नव्हतं म्हणून मी टेबल बडवलं. मला तर तिनं स्वतःच नको म्हटलं होतं, तरी मी लिहीत राहिलो. प्रेम करतो म्हणून चालतं असं मला वाटायचं. त्यांनाही चोर पकडतो म्हणून चालतं असंच वाटत असणार.

फोन उघडला तर ती सगळी त्यांच्या कागदांत जाईल, आणि ती काही न करता तिथं कायमची राहील. पुसलं तर मी चोर. म्हणून आधी वकीलबाईंकडं जातोय. काल खोटं बोललो ते सांगणार. मग त्या म्हणतील तसं रोह्याला, आणि तिथं स्वतःच्या तोंडानं सांगणार की एका मुलीनं येऊ नको म्हटल्यावरही मी येत होतो, चोरीशी माझा संबंध नाही, आणि तिचं नाव मी घेणार नाही. ते हसतील. हसू देत. हात खिशात ठेवीन.

आईनं विचारलं, "कुठं रे, जेवायच्या वेळेला?" म्हटलं, येतो. आमचं ठरलंय असं तिलाही सांगून ठेवलं होतं; पोरगी माझी नव्हतीच हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, आणि तेही तुम्ही वाचणार नाही म्हणून जमलं. ही वही फळीवर ठेवतो, चपला घालतो आणि दार ओढून घेतो.